रस्त्याकडच्या चार सऱ्या

माझ्या नणंदेला प्रत्येक फुलात काहीतरी शिकायला मिळतं. रोज सकाळी साडेसहाच्या सुमाराला घरच्या ग्रुपवर तिचा एक फोटो येतो आणि त्याखाली दोन ओळी. जास्वंद असली तर एका दिवसाचं आयुष्य डौलात कसं जगावं, गुलाब असला तर काट्यांविषयी काहीतरी, सदाफुली असली तर कोरड्या मातीतही हसणं. शाळेतल्या मुलांना शिकवून ती निवृत्त झाली, आता तिच्या हाताशी आम्ही आहोत. मी खाली एक अंगठा टाकते आणि दूध उतू जात नाही ना ते बघायला जाते.

ती सांगलीत असते. मी मूळची सांगलीची, हळदीच्या पेठेजवळ वाढलेली. लग्न होऊन सातारा जिल्ह्यातल्या या कृष्णाकाठच्या गावात आले. ती या गावची, ती लग्न होऊन सांगलीला गेली. आम्ही दोघींनी जणू घरं बदलून घेतली. तिचे यजमान आता नाहीत, मुलगी परदेशात आहे, ती एकटीच राहते. नदीचं पाणी दोनदा तिच्या खालच्या मजल्यात शिरून गेलं. दुसऱ्यांदा चिखल काढून झाल्यावर तिनं सगळ्या कुंड्या गच्चीवर नेल्या. त्याविषयी मात्र तिनं कधी दोन ओळी पाठवल्या नाहीत.

मी सांगणार आहे ते फूल कुंडीत येत नाही. ते उसाला येतं आणि आम्ही त्याला तुरा म्हणतो. पावसाळ्यात शेतात पाणी तुंबलं, ढगाळ हवा लांबली आणि उसाची जात तशी असली, की दिवाळीच्या आसपास शेंड्यातून हातभर लांब पिसारा बाहेर येतो. आधी फिकट जांभळा, मग हळूहळू चांदीचा. सकाळच्या उन्हात तो दिसतो छान, हे मी नाकारत नाही. पण तुरा आला म्हणजे उसाची वाढ संपली. त्यानंतर तो आपणच साठवलेली साखर खायला लागतो. शेंड्याकडून आतून पांढरा, कापसासारखा पोकळ होत येतो. कांड्यांवरच्या डोळ्यांतून बाजूला कोंब फुटतात, त्यांना पांगशा म्हणतात, त्या उरलेलं ओढतात. दीड-दोन महिन्यांत ऊस कारखान्याला गेला तर ठीक, नाहीतर उभ्या जागी चिपाड. त्यामुळे हे फूल कोणी देवाला वाहत नाही, केसात माळत नाही. पाहुणे बसलेले असताना पिऊन आलेल्या मेव्हण्याकडे बघावं, तसं आम्ही त्याच्याकडे बघतो.

त्यात आणखी एक अडचण म्हणजे तुरा सगळ्या गावाला दिसतो. जाणारा-येणारा गाडी हळू करून विचारतो, काय हो, तुमच्या उसानं फेटा बांधला, वरात कधी निघणार? याचा अर्थ एवढाच, की तुम्ही जात चुकीची लावली आणि कारखान्यात तुम्हाला कोणी विचारत नाही.

जात माझ्या नवऱ्यानं निवडली होती. ते फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण गाव त्यांना मेजर म्हणतं, आणि गावानं दिलेली बढती ते परत करत नाहीत. लोणंदकडच्या एका फौजी मित्रानं या जातीचं फार कौतुक केलं, म्हणून तिकडून टेम्पो भरून बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, आणलं. आपल्या काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात ही जात तुरा टाकते असं चार जणांनी सांगितलं. त्यांनी चौघांनाही चहा पाजला आणि लागण केली.

दुसऱ्या वर्षी ऊस तोडणीला आला आणि दसऱ्यानंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन महिने रान बंद केलं. खाटेवर पडल्या पडल्या त्यांचं नियोजन सुरू झालं. त्यातला पहिला हुकूम असा, की तोडीचं काम चुलत भावाकडे द्यायचं. तोड म्हणजे कारखान्याकडून आपल्या प्लॉटला मिळणारी तोडणीची पाळी. ती मिळवायला चिटबॉयच्या मागे लागावं लागतं. चिटबॉय म्हणजे गावोगाव फिरून उसाच्या नोंदी ठेवणारा कारखान्याचा माणूस. मी म्हटलं, तोड मी आणते. ते म्हणाले, "तुला वाटतंय तेवढं सोपं न्हाई ते. बाईमाणसाचं कोण ऐकतंय तिथं?"

मी बी.कॉम. आहे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी या उसाला पाणी दिलंय, खत टाकलंय, भांगलण केली आहे. पण हा ऊस कोणाचा असं विचारलं तर सगळे मेजरचा म्हणतात. शेवटी असं ठरलं, की नाताळापर्यंत मी तोड आणायची. नाही जमलं तर भावाला फोन जाईल, आणि एकदा तो फोन गेला की पुन्हा कधी रानातला निर्णय मला विचारून होणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ते बोलून दाखवायची गरज पडली नाही.

दिवाळी झाली आणि तुरा आला. एखाद-दुसरा नाही, प्लॉटभर. नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी चार-दोन ठिकाणी दिसतोय असं सांगितलं.

आता मी जे केलं ते लिहिताना मला बरं वाटत नाही, पण केलं ते केलं. आमचा प्लॉट रस्त्याला लागून आहे. ऊस पुरुषभर उंचीच्या दुप्पट, त्यामुळे रस्त्यावरून फक्त पुढची भिंत दिसते, आतलं काही दिसत नाही. पलीकडे ओढा आणि मागे पाटाचा भराव, तिकडून कोणी फारसं जात नाही. मी लांब बांबूला विळा बांधला आणि तीन दिवस पहाटे, दुधाची गाडी यायच्या आत, रस्त्याकडच्या चार सऱ्यांचे सगळे तुरे छाटून टाकले. छाटलेले तुरे बुट्टीत भरून उकिरड्यात पुरले. चौथ्या दिवशी रस्त्यावर उभी राहून पाहिलं, तर प्लॉट हिरवागार, सभ्य, कुठं फेटा नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

पंधरा दिवसांत ओढ्यापलीकडच्या प्लॉटला तोड आली, त्याच्या शेजारच्यालाही आली. मी चिटबॉयला फोन केले. तो आमच्याच गावचा, तिशीतला, चांगला मुलगा आहे, मला काकी म्हणतो. बघतो म्हणाला. दुसऱ्या खेपेला पण बघतो म्हणाला. तिसऱ्या खेपेला त्यानं समजावून सांगितलं, की या वर्षी कारखान्यानं तुरा आलेल्या उसाला पहिली पाळी द्यायची ठरवलंय, तो ऊस टिकत नाही म्हणून. तुमचा ऊस चांगला आहे काकी, थांबला तरी चालतंय. मी रोज त्या रस्त्यानं जातो, मला दिसतोय की.

मी फोन ठेवला. आता काय सांगायचं त्याला? तुरा होता, पण मी तो कापून पुरला? गावात हे एकदा पसरलं असतं तर फेट्याची थट्टा परवडली म्हणायची वेळ आली असती. त्यात छाटलेल्या चार सऱ्यांना पांगशा फुटून त्या विस्कटलेल्या वेणीसारख्या दिसायला लागल्या होत्या. नाताळ आठ-दहा दिवसांवर आला होता. खाटेवरून रोज संध्याकाळी "क्या रिपोर्ट है?" असं विचारलं जायचं आणि मी भाजीला फोडणी द्यायचे.

अशात नणंदबाई आल्या. भावाची सेवा करायला, असं त्या म्हणाल्या. सोबत भडंगाचा मोठा डबा आणि बागकामाचे रंगीत हातमोजे. सेवेचा कार्यक्रम पहिल्या दिवशी दुपारपर्यंत चालला, मग दोघं भावंडं भडंग खात लहानपणीची भांडणं नव्यानं भांडत बसली. संध्याकाळी त्या रस्त्यानं फेरी मारून आल्या आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाट घेऊन बसल्या. पुढच्या सऱ्यांना काय झालं असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाऱ्यानं. त्या बराच वेळ लसूण सोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात धार काढत होते, तेव्हा आतून हाक आली. हाक अशी होती की मी चरवी तिथंच ठेवून आले. नवऱ्याच्या हातात फोन होता. नणंद पहाटे पाटाच्या भरावावर चढली होती आणि तिथून तिनं आमचा प्लॉट टिपला होता. उगवतीचं ऊन, आणि त्याखाली टोकापासून टोकापर्यंत तुरेच तुरे, जणू रानावर कोणी चांदीचं पातेलं उलटं केलंय. कोपऱ्यात आमची पंपाची खोली, तिच्या भिंतीवर आमच्या आडनावाच्या अक्षरांसकट. खाली ओळी होत्या: 'आतला गोडवा दिल्याशिवाय हे फूल येत नाही. संघर्षातून फुललेलं सौंदर्य असंच असतं. सुप्रभात.'

"चार-दोन ठिकाणी म्हणाली हुतीस तू," नवरा म्हणाला.

"चार-दोनच ठिकाणी आहे. ठिकाणं जरा मोठी आहेत."

ते हसले नाहीत. मग मी सगळं सांगितलं. बांबू, विळा, तीन पहाटा, उकिरडा. सांगताना मला अपेक्षा होती की ते लगेच भावाला फोन लावतील. त्यांनी फोन हातात घेतलाही. मग पुन्हा तो फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, बेणं मीच आणलं होतं. एवढंच. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी चूक कबूल केल्याची ही दुसरी वेळ. पहिली वेळ मला आता आठवत नाही, पण झाली असणार.

मी नणंदेला शोधायला निघाले, तर तोपर्यंत दारात चिटबॉयची मोटारसायकल. कारण फोटो घरच्या ग्रुपवर नव्हता, गावाच्या ग्रुपवर होता.

तो थेट रानात चालू लागला, मी मागोमाग. पुढच्या चार सऱ्या ओलांडून आत शिरला, वर बघितलं, खाली बघितलं. एक ऊस तोडून त्याचे उभे दोन भाग केले. वरची तीन-चार कांडी आतून पांढरी पडली होती, खालचं सगळं अजून भरलेलं होतं. त्यानं एक कांडं चावून बघितलं.

"आवं काकी, तुरा लपवत्यात व्हय?" तो म्हणाला. "वर्गात पोरगं बोट वर करतंय तसं हाय हे. माझं झालं, मला न्या म्हणतोय तो. तुमी बोटच कापलंसा. मग मला कसं कळायचं?"

मी म्हटलं, लोक हसतात.

"हसू द्या की. हसणाऱ्यांचा ऊस तरी कुठनं आलाय? सगळ्या जाती तुऱ्यातनंच निघाल्यात. तिकडं आंबोलीच्या डोंगरात ऊस संशोधनवाले एका तुऱ्याची भुकटी दुसऱ्याला लावत्यात, बी धरत्यात, त्यातनं नवी जात काढत्यात. आपण कांडी लावतोय म्हणून आपल्याला ते फूल फुकट वाटतंय."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ऊस करतोय, पण कांडीच्या मागे कधी एखादं फूल असेल हा विचार डोक्यात आला नव्हता. मला उकिरड्यात पुरलेले तुरे आठवले. त्यानं फोनमध्ये नोंद केली आणि आठ दिवसांत तोडणी मजुरांची टोळी येईल असं सांगितलं. जाताना म्हणाला, त्या चार सऱ्या मात्र तुमच्या हातानं लवकर गेल्या काकी, त्यांचं वजन यायचं नाही. त्याचं बरोबर होतं. मधल्या सऱ्यांपेक्षा त्या जास्त पोकळ झाल्या होत्या.

टोळी नाताळच्या आधी दोन दिवस आली. बीडकडची, बैलगाडीची. सगळं सुरळीत होईल असं वाटत असताना टोळीतल्या एका वयस्क बाईनं कोयता खाली ठेवला. तोडलेल्या उसाचा हिरवा शेंडा, वाढं, टोळीच्या बैलांचं असतं. तो त्यांचा हक्क. तुऱ्याच्या उसाला वाढं कसलं, वर नुसता वाळका दांडा. या रानात आमची बैलं उपाशी मरतील, म्हणाली, आधी पुढचा प्लॉट करतो, मग बघू. बाकीचेही थांबले.

खाटेवर निरोप गेला असता तर तिथून दहा सूचना आल्या असत्या, म्हणून मी गेलेच नाही. बांधावरचं हत्ती गवत आमच्या दोन म्हशींना संक्रांतीपर्यंत पुरेल एवढं होतं. मी त्या बाईला घेऊन बांधावर गेले आणि रोज हवं तेवढं कापा म्हणून सांगितलं. तिनं गवत हातानं चाचपलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या म्हशी काय खातील मग?"

"उसाकडं बघत बसतील. शेजारच्यांच्या."

ती हसली आणि कोयता उचलला. म्हशींसाठी मी नंतर कडबा आणला.

चार दिवस तोडणी चालली. नणंद रोज बांधावर खुर्ची टाकून बसायची. मला वाटलं फोटो काढत असेल. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले तर फोन पिशवीत होता आणि ती नुसती बघत होती. कोयत्याचा एक घाव बुंध्याला, एक शेंड्याला, आणि तुरा बाजूला पडायचा. पडलेल्या तुऱ्यांचा ढीग वाऱ्यानं भुरभुर उडत होता, बायांच्या डोक्यांवरच्या फडक्यांवर चिकटत होता.

मी म्हटलं, "वन्सं, आज काही शिकवलं नाही का फुलानं?"

"वैनी, मला काय तुरा म्हणजे काय ते माहीत नाही होय? तुरा दिसला की आमचे वडील त्या दिवशी जेवायचे नाहीत. या घरातच वाढले मी."

"मग तसं लिहायचं होतं."

"तसं लिहिलं असतं तर कोणी वाचलं असतं?" तिनं बशीत चहा ओतला. "घरच्या ग्रुपवर टाकला असता तर तू अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस. पंपाची खोली नीट यावी म्हणून भरावावर चार वेळा पुढं-मागं झाले. चप्पल पाटात गेली माझी."

मी तिच्या पायांकडे बघितलं. माझी जुनी चप्पल तिच्या पायात होती आणि इतके दिवस मला ते दिसलं नव्हतं. ती लसूण सोलत असताना वाऱ्यानं झालं असं मी सांगितलं, तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. तिनं तिथं मला आणखी काही विचारलं नाही, माझी लाज माझ्याजवळ राहू दिली आणि पहाटे उठून काम उरकलं. मी तिच्या फुलांना सात-आठ वर्षं हसत होते. त्यातल्या किती फुलांच्या मागे कोणती पंपाची खोली होती, कोण जाणे.

"मग पुराचं का नाही लिहिलंत कधी?" मी विचारलं.

"त्याचा फोटो चांगला आला नाही," ती म्हणाली आणि बशी माझ्याकडे दिली.

ऊस गेला. नणंद सांगलीला गेली, माझी चप्पल घालूनच. जानेवारीत नवऱ्याला वॉकर घेऊन अंगणात फिरायची परवानगी मिळाली. पहिल्याच दिवशी ते रस्त्यापर्यंत गेले आणि मोकळ्या रानाकडे बघत उभे राहिले.

त्याच आठवड्यात दुपारी चिटबॉयचा फोन आला. नवऱ्याच्या फोनवर आला, कारण नोंदीत नंबर त्यांचाच आहे. मी आत पीठ मळत होते. खोडवा ठेवणार की मोडणार, असं तो विचारत होता. म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा ऊस वाढवायचा, की बुडखे काढून रान मोकळं करायचं. ठेवला तर तीच जात आणखी एक वर्ष उभी राहणार. मेजर आता जातीच्या गुणांवर बोलतील, लोणंदच्या मित्राचा दाखला देतील असं मला वाटलं.

"मला काय इचारतोस?" ते फोनवर म्हणाले. "थांब, ती बघती ते. देतो तिच्याकडं."

ते वॉकर टेकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. माझे दोन्ही हात पिठात, म्हणून त्यांनी फोन माझ्या कानाला धरला. मी म्हटलं, मोडायचा. बुडखे या महिन्यात काढणार, त्यानंतर उन्हाळी भुईमूग येतो का बघते, नाहीतर रान उन्हात तापू देईन. पुढच्या लागणीला वेगळी जात. कोणती ते मी बघून सांगते, तुझ्याकडे यादी असली तर पाठव.

चिटबॉय बरं म्हणाला. नवऱ्यानं फोन खिशात टाकला, ते खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा गुडघा फार दुखला.